तिरप्या बांधाच्या शेताचें क्षेत्रफळ

वडिलोपार्जित जमिनीच्या वांटणींत भावाभावांमध्यें जो कलह माजतो, त्याचें मूळ पुष्कळदा लोभांत नसून चुकीच्या हिशेबांत असतें. समोरासमोरचे दोन बांध समांतर, पण उरलेल्यांपैकीं एक किंवा दोन्ही तिरपे, अशीं शेतें गांवोगांव आढळतात. या आकृतीस समलंब चौकोन म्हणतात.

समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करावा, ही जुनी रीत सोपी खरी, पण फसवी आहे. ३३ फुटांची एक सांखळी धरूं. एक सांखळी लांब व तितकीच रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. समजा, एका शेताचे समांतर बांध १४ व ६ सांखळ्या, त्यांस काटकोनांत असलेला बांध ६ व तिरपा बांध १० सांखळ्या आहे. वरील रीतीनें १० × ८ म्हणजे ८० गुंठे, पुरे दोन एकर होतात. वस्तुतः तें शेत दीड एकरच आहे!

खरी रीत अशी: समांतर बांधांच्या बेरजेची निमपट करावी व तिला त्या बांधांमधील लंबांतरानें गुणावें. येथें १० × ६ = ६० गुंठे. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें हाच नियम सांगितला आहे. कारण उघड आहे. समोरासमोरचे दोन कोपरे दोरीनें जोडले असतां शेताचे दोन त्रिकोण होतात. दोहोंची उंची तेंच लंबांतर, व पाये ते दोन समांतर बांध. तिरप्या बांधाची लांबी या हिशेबांत येतच नाहीं. लंब किंवा कर्ण न सांगतां केवळ चार बाजूंवरून चौकोनाचें क्षेत्र विचारणाऱ्यास भास्कराचार्यांनीं लीलावतींत दोष दिला आहे, तो याचसाठीं.

लंब धरण्यास १२ हातांची दोरी घेऊन ३, ४ व ५ हातांचा त्रिकोण ताणावा. ३ व ४ हातांच्या बाजूंमध्यें काटकोन मिळतो. लंबांतर दोन ठिकाणीं मोजावें. तें सारखें न भरल्यास बांध समांतर नाहींत असें समजावें व शेताचे त्रिकोण पाडून मोजणी करावी.

आतां वांटणी. लंबांतराच्या मध्यावर आडवा बांध घातल्यास लांब बांधाकडील भावास ३६ व दुसऱ्यास २४ गुंठेच मिळतील. त्याऐवजीं दोन्ही समांतर बांधांचे मध्य काढून तेथें खुंट्या ठोकाव्या व त्या सरळ जोडाव्या. प्रत्येक भागाचे समांतर बांध ७ व ३ होऊन दोघांसही ३० गुंठे येतात. शिवाय एका बांधास रस्ता व दुसऱ्यास ओढा असल्यास दोन्ही सोयी दोघांस लाभतात.

सात-बारावर आतां हेक्टर व आर लिहितात. एक गुंठा सुमारें १.०१ आर होतो. मोजणी खात्याच्या नकाशावांचून हद्द कायम करूं नये हें खरेंच. तथापि खरेदीखतावर सही करण्यापूर्वीं वाचकांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा, अशी आमची विनंती आहे. दोरी व चार खुंट्या यांहून अधिक खर्च त्यास नाहीं.