कधी नऊ, कधी सात : जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं ॲव्हरेज

गाडी ॲव्हरेज कमी देते, अशी तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक मला परवडतं. अवघड असतं ते दुसरं. "मेस्त्री, मागच्या टाकीला नऊ पडलं, या टाकीला सात. रस्ता तोच, चालवणारा मीच." माझ्या नाशिकच्या गॅरेजमध्ये जुन्या पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही बऱ्याच येतात. पंधरा-अठरा वर्षं वयाच्या, दोन लिटरच्या वरच्या इंजिनाच्या, तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातात आलेल्या. गाड्या दणकट, बसायला आरामशीर आणि सेकंडहँड बाजारात स्वस्त. स्वस्त का, ते पेट्रोल पंपावर कळतं.

नेहमीच कमी देणाऱ्या गाडीत काहीतरी कायमचं बिघडलेलं असतं, ते शोधून सापडतं. कधी चांगलं, कधी वाईट देणाऱ्या गाडीत मात्र असं काहीतरी असतं जे एखाद्या वेळी घडतं आणि एखाद्या वेळी घडत नाही. ते केव्हा घडतं हे कळल्याशिवाय प्लग बदला, इंजेक्टर साफ करा, ऑक्सिजन सेन्सर नवा टाका, बिल वाढतं आणि ॲव्हरेज पुन्हा खालीवर होतच राहतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी मोजणं दुरुस्त करायचं, मग गाडी.

मोजायचं कसं

बहुतेकांचा हिशेब असा असतो : हजाराचं पेट्रोल टाकलं, काटा अमुक रेघेवर आला, तेवढ्यात इतके किलोमीटर झाले. हा हिशेब सोडून द्या. इंधनाचा काटा चढावर वेगळा दाखवतो, उतारावर वेगळा. खरी रीत एकच. टाकी फुल करायची, ट्रिपमीटर शून्यावर आणायचा, गाडी वापरायची, पुन्हा फुल करायची आणि झालेल्या किलोमीटरना दुसऱ्या वेळी बसलेल्या लिटरनी भागायचं.

यातही गोम आहे. नोझल आपोआप बंद होतं तो क्षण प्रत्येक पंपावर सारखा नसतो. गाडी जराशी कलती उभी असेल, पेट्रोलला फेस आला असेल, तर दोन लिटरचा फरक सहज पडतो. १५ लिटर भरल्यावर हिशेब केला तर ही चूक तेरा टक्क्यांची होते, म्हणजे नऊचं ॲव्हरेज आठच्या खाली दिसू शकतं. तेच ४५ लिटर भरल्यावर मोजलं तर चूक साडेचार टक्क्यांवर येते. म्हणून टाकी निम्म्याहून बरीच खाली गेल्यावरच भरायची, शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर, पहिल्या कटला थांबायचं. वर आणखी 'राउंड फिगर' करायची नाही.

"पंपवालाच कमी टाकतो" हा संशय सगळ्यांनाच असतो. त्यावरही इलाज आहे. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं, आणि गिऱ्हाइकाला ते मागून मशीन तपासता येतं. भांडण्याआधी माप मागा.

मागच्या मालकाने मोठे टायर बसवले असतील तर तेही लक्षात घ्या. टायरचा घेर वाढला की चाकाचे फेरे कमी होतात, मीटर कमी किलोमीटर नोंदवतं आणि गाडी आहे त्यापेक्षा खादाड दिसते.

नाशिक-मुंबईची चढउतार

आमच्याकडच्या गाड्यांचा एक खास घोळ आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास उंचीवर. मुंबईला जाताना कसारा घाट उतरायचा, येताना चढायचा. माणसांसकट दोन टनांची गाडी ६०० मीटर वर चढवायला पेट्रोल इंजिन साधारण सव्वा लिटर जादा पेट्रोल घेतं. आता एखाद्याने नाशिकला टाकी फुल केली, मुंबईत पोचून पुन्हा फुल केली आणि परत येऊन तिसऱ्यांदा फुल केली, तर जातानाचं ॲव्हरेज सव्वानऊ आणि येतानाचं साडेआठ दिसणारच. गाडी निर्दोष आहे. पुण्याहून महाडला वरंध घाटाने जाणाऱ्यांना किंवा कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्यांनाही हेच लागू. अशा रस्त्यावर जाऊन-येऊन मिळून एकच हिशेब धरायचा.

वेगाचंही तसंच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. जुन्या रस्त्याने ८० ने जाणारा माणूस समृद्धीवर १२० ने गेला की विरोध सव्वादोन पट होतो. उंच, चौकोनी एसयूव्हीला तो आणखी जाणवतो. शहरात नुसतं सिग्नलला उभं राहून, एसी चालू ठेवून, असं मोठं इंजिन तासाला लिटर-दीड लिटर पितं, आणि त्या तासाचे किलोमीटर शून्य.

एवढं सगळं वजा करूनही फरक उरला, तर बॉनेट उघडायचं.

नानांची गाडी

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार, आम्ही त्यांना नाना म्हणतो. गाडी २४०० सीसी, ऑटोमॅटिक. कधी साडेनऊ, कधी पावणेसात. फवारणीच्या औषधाचा हिशेब मिलीपर्यंत लिहिणारा माणूस, पण पेट्रोलचा हिशेब तोंडी. मी म्हणालो, "नाना, बागेच्या वहीत गाडीला एक पान द्या." त्यांनी दिलं. तारीख, किलोमीटर, लिटर, आणि शेवटच्या रकान्यात कुठे आणि केव्हा चालवली. दिवाळीपासून जानेवारीपर्यंतचं पान बघितलं तर गोष्ट स्पष्ट होती. थंडी वाढत गेली तसतसा आकडा घसरला होता, आणि भल्या पहाटे मार्केटला जाण्याच्या फेऱ्या ज्या टाकीत जास्त, ती टाकी सगळ्यात वाईट.

निफाडची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. एका सकाळी स्कॅनर लावून आम्ही दोघं पिंपळगावच्या दिशेने हायवेला निघालो. स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघत होतो. अर्धा तास झाला तरी ६४. वेग वाढवला की ६१. आडगावजवळ ट्रॅफिकमध्ये थांबलो तर ७८ पर्यंत चढलं, मोकळा रस्ता लागला की पुन्हा खाली. डॅशबोर्डचा काटा मात्र जवळजवळ नेहमीच्या जागी. हे काटे मुद्दामच असे संथ केलेले असतात, दहा-पंधरा अंशांचा फरक ते दाखवत नाहीत.

इंजिन तापलं की ८५ ते ९५ च्या मध्ये स्थिर राहायला हवं. ते काम थर्मोस्टॅटचं. इंजिन थंड असताना तो पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, तापल्यावर उघडतो. नानांच्या गाडीचं हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅट नव्हताच, नुसतं गॅस्केट. एका उन्हाळ्यात हायवेवर गाडी तापली होती, तेव्हा वाटेतल्या कुणीतरी तो काढून टाकला होता. आपल्याकडे हा उपाय फार जुना आहे. गाडी तापायची थांबते, म्हणून मालकही खूश. मूळ दुखणं, म्हणजे रेडिएटर फॅनचा खराब रिले, तसंच राहिलं होतं.

थर्मोस्टॅट नसल्याचं नुकसान दुहेरी होतं. इंजिन थंड आहे असं कॉम्प्युटरला वाटतं तोवर तो जादा पेट्रोल सोडतो. पूर्वी चोक ओढून गाडी चालवायचो, तसंच. दुसरं, बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन पुरेसं तापेपर्यंत गिअरबॉक्सचं लॉकअप लागत नाही; ते काय असतं, ते पुढे सांगतो. रिले बदलला, मूळ कंपनीचा थर्मोस्टॅट बसवला. त्यानंतर नानांच्या वहीतले आकडे साडेआठ ते साडेनऊच्या मध्ये राहू लागले.

लॉकअप आणि ओव्हरड्राइव्ह

ऑटोमॅटिकमध्ये क्लच पेडल नसतं, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक चालू केला की दुसऱ्याची पाती फिरू लागतात. इथे हवेच्या जागी तेल असतं. पण दुसरा फॅन पहिल्याच्या वेगाने कधीच फिरत नाही, थोडा घसरतोच. ती घसर म्हणजे वाया गेलेलं पेट्रोल. म्हणून सरळ रस्त्यावर स्थिर वेगात आतला एक क्लच दोन्ही बाजूंना घट्ट जोडतो. तेच लॉकअप.

ते लागतं का, हे घरच्या घरी कळतं. सपाट, मोकळा रस्ता आणि मागे कोणी नाही असं बघून गाडी ८० वर स्थिर ठेवा. ॲक्सिलरेटर हलवू नका. डाव्या पायाने ब्रेक पेडल नुसतं टेकवा, मागचा दिवा लागेल इतपतच. आरपीएमचा काटा दोनशे-तीनशेने वर जायला हवा आणि पाय काढल्यावर थोड्या वेळात खाली यायला हवा. काटा हललाच नाही, तर लॉकअप मुळात लागलेलंच नव्हतं. लगेच गिअरबॉक्स खोलू नका. आधी ब्रेक लाइटचा स्विच बघा. तो मधूनमधून अडकत असेल, तर ब्रेक दाबलाय असं समजून कॉम्प्युटर लॉकअप सोडून देतो. स्विच किरकोळ किमतीचा, गिअरबॉक्सचं काम लाखाच्या घरात.

जुन्या चार गिअरच्या गाड्यांत लिव्हरवर 'ओडी' असं लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर बंद. घाटात उपयोगी, पण नंतर लक्षात राहत नाही. डॅशबोर्डवर 'ओडी ऑफ' दिवा जळत राहतो आणि हायवेभर इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीसेक टक्के जास्त फेरे घेत धावतं. ज्या घरात एकच गाडी दोघं चालवतात, तिथे मी पहिल्यांदा हे बटण कोण दाबतं ते विचारतो.

चाक, ब्रेक, पेट्रोल

पावसाळ्यानंतर ब्रेक कॅलिपरच्या पिना गंजतात आणि ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. कधी सुटतो, कधी नाही. हायवेवरून येऊन थांबलात की चारही रिमांजवळ हात न्या, लावू नका. एका बाजूची धग दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्ट जास्त लागली तर ते चाक जाम आहे. टायरची हवा सकाळी गाडी हलवण्याआधी बघा, कारण तापमान दहा अंशांनी उतरलं की हवा साधारण दीड-दोन पीएसआयने उतरते.

पेट्रोलचाही वाटा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते. साध्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींत यामुळे ६ ते ७ टक्के घट होईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात होता. म्हणजे नऊचं साधारण साडेआठ. पण ही घट प्रत्येक टाकीला होते. एका टाकीला नऊ आणि पुढच्या टाकीला सात, याचं खापर इथेनॉलवर फोडता येणार नाही.

जुनी मोठी ऑटोमॅटिक शहरात बारा-तेरा देणार नाही, तेवढं देईल असं कबूल करणाऱ्या मेस्त्रीवर विश्वास ठेवू नका. एका ठरावीक आकड्याजवळ ती राहिली की समाधान माना. गॅरेजला येण्याआधी सलग चार टाक्यांचा हिशेब लिहून आणा, रस्ता आणि वेळेसकट. गेल्या पाच वर्षांत गाडी कधी तापली होती का, तेव्हा काय काढलं, काय बसवलं, तेही सांगा. ते पान न बघता जो थेट सुट्या भागांची यादी हातात देईल, त्याच्याकडून गाडी परत घ्या.