सॅनिटायझर मारला आणि खुळखुळ्याचा रंग हाताला आला

मागच्या एपिसोडमध्ये जे बोललो, ते थोडं नीट करून इथे लिहितोय. विषय साधाच आहे: लाकडी खेळणी घरी साफ कशी करायची. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

2021 ची गोष्ट. वर्क फ्रॉम होम होतं म्हणून मी वाटूरला घरीच होतो. ताई माहेरी आलेली, तिचं लेकरू आठ महिन्यांचं, हाताला लागेल ते तोंडात. मी बंगळूरहून येताना चन्नपट्टणचा लाकडी खुळखुळा आणला होता. तेव्हा आपण सगळे नोटांपासून भाजीपर्यंत दिसेल त्यावर सॅनिटायझर मारत होतो. मी खुळखुळ्यावर मारला आणि फडक्याने पुसला. फडकं लाल! थोड्या वेळाने बघतो तर लेकराची हनुवटी पण लाल. आई एवढंच म्हणाली, "इंजिनियर झालास ना रे तू?"

चूक कुठे झाली ते मला नंतर कळलं. चन्नपट्टणच्या खेळण्यावर ब्रशने रंग देत नाहीत. लाकूड लेथवर गरगर फिरत असतं, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चमक आणतात. लाख म्हणजे झाडाच्या फांद्यांवर राहणाऱ्या एका बारीक किड्याची राळ. ती पाण्याला दाद देत नाही, पण अल्कोहोलपुढे मऊ पडते. सुतार लाकडाला पॉलिश करतात तेव्हा काय करतात आठवा. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात. आणि सॅनिटायझरमध्ये बहुतांश अल्कोहोलच! म्हणजे मी खुळखुळा साफ करत नव्हतो, त्याचं पॉलिश उतरवत होतो.

म्हणून पहिली पायरी: खेळण्यावर नेमकं काय लावलंय ते बघा. आम्ही प्रॉडक्शनवर कोड टाकायच्या आधी टेस्ट करतो, तसंच. खेळण्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. तो आत मुरला आणि डाग गडद झाला तर लाकूड कोरं आहे. थेंब तसाच राहिला तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून तिथेच हळू घासा. रंग सुटला किंवा जागा चिकट झाली, तर लाख किंवा चपड्याचं पॉलिश समजा. काहीच झालं नाही तर बहुतेक ऑइल पेंट किंवा वॉर्निश. बोळा लावलेली जागा लगेच पुसून घ्या.

आता रोजची सफाई. तिन्ही प्रकारांना एकच पद्धत चालते आणि तिला पाणी लागतं तांब्याभर. आपल्याकडे मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्यांना हे बरं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकायचे. त्यात फडकं बुडवायचं, घट्ट पिळायचं आणि पुसायचं. खाचांमध्ये जुना मऊ टूथब्रश फिरवायचा. मग साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने साबण काढायचा आणि लगेच कोरड्याने टिपायचं. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर हे टिपणं टाळू नका, नाहीतर पांढरे डाग राहतात. नंतर सावलीत, वारा लागेल असं, उभं करून ठेवा. आमच्याकडच्या उन्हात ओलं लाकूड ठेवलं की वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि तडा जातो. बादलीत भिजत घालणं, उकळणं, मायक्रोवेव्ह, यांतलं काहीही नको. लाकूड फुगतं, चिकटवलेले सांधे सुटतात, आणि खुळखुळ्याचे मणी बाहेर आले तर ते लेकराच्या घशात अडकू शकतात.

"पण जंतू मरायला नकोत का?" हा प्रश्न येणारच. साबणाने पुसून बहुतेक घाण आणि जंतू निघून जातात, रोजच्यासाठी तेवढं पुरतं. शिवाय लाकूड आपण समजतो तेवढं जंतूंच्या सोयीचं नाही. अमेरिकेत डीन क्लायव्हर यांच्या गटाने 1990 च्या दशकात भाजी चिरायच्या पाट्यांवर प्रयोग केले. लाकडात शिरलेले जिवाणू परत वर यायचे नाहीत, आत कोरडे पडून मरायचे. सुरीचे चरे पडलेल्या प्लास्टिकच्या पाट्या मात्र नीट साफ व्हायच्या नाहीत. 2020 मध्ये 'लॅन्सेट मायक्रोब'ला आलेल्या प्रयोगातही कोरोनाचा जिवंत विषाणू लाकडावर दुसऱ्या दिवशी सापडला नाही. प्लास्टिकवर तो चार दिवसांनंतरही होता, सातव्या दिवशी गेला. म्हणजे मी त्या दिवशी खुळखुळा नुसता दोन दिवस कपाटात ठेवला असता तरी काम झालं असतं!

जंतुनाशक कधी लागतं? लेकराला जुलाब किंवा उलटी झाली, घरात कुणाला ताप आला, किंवा एक खेळणं चार पोरांच्या तोंडात गेलं तर. तेव्हा आधी साबणाने पुसा. घाणीवर जंतुनाशक मारून उपयोग नाही, त्याचा जोर घाणीतच संपतो. मग हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये मिळतं ते साधारण 6 टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच पाणी घातलं की 3 टक्के. बाटलीवरचा आकडा बघूनच पाणी घाला. फडक्याने लावा, आठ-दहा मिनिटं पृष्ठभाग ओलसर राहू द्या, मग ओल्या फडक्याने पुसून वाळवा. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतं, मागे वास किंवा थर राहत नाही. रंग फिका पडू शकतो, म्हणून हेही आधी खालच्या बाजूला लावून बघा. फिनेल तोंडात जाणाऱ्या खेळण्याला कधीच लावू नका. ब्लीचही लाकडाला नको, कारण लाकूडच क्लोरीन खाऊन टाकतं. आणि ब्लीच संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळलं तर विषारी वायू सुटतो, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. कोऱ्या लाकडात शी-उलटी मुरली असेल किंवा बुरशीचा काळा डाग आत गेला असेल, तर खेळणं टाकून द्या.

आता पांगुळगाडा. आमच्याकडे एक आहे. मी त्यावरच चालायला शिकलो, ताईपण. दर काही वर्षांनी उरलेल्या ऑइल पेंटचा हात त्यावर फिरलेला आहे. ताईचं पोरगं त्याचा दांडा चावायचं आणि पोपडे निघायचे. मी पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलोच होतो. तेवढ्यात शिशाचं वाचलं आणि थांबलो. भारतात घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या आत ठेवायचा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही, आणि घासलं की तीच धूळ घरभर उडणार. शिसं लहान मुलांच्या मेंदूची वाढ बिघडवतं, एखादा जंतू त्यापुढे परवडला. तो गाडा आता माळ्यावर आहे.

पोरासाठी सुताराकडून नवा करून घेतला, बिनरंगाचा. त्याला कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला, जास्तीचं पुसून काढलं आणि दोन-तीन आठवडे वाळू दिलं. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, चिकट राहून धूळ धरतं. पेंटच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड'ही नको, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. आणि एक, तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, अशी फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका.