दादरा बांधलेली बरणी

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. माझी आत्या तिथल्या एका जुन्या दुमजली घरात वरच्या मजल्यावर राहते. उजाडेपर्यंत पाणी जिन्याच्या नवव्या पायरीला लागलं होतं. खालची दोन बिऱ्हाडं नेसत्या कपड्यांनिशी वर आली. वीज गेली, फोन बंद पडले आणि एका स्वयंपाकघरात अकरा माणसं झाली. पिंपात प्यायचं पाणी होतं, सिलिंडर अर्धा होता, तांदळाचा डबा भरलेला होता आणि माळ्यावर बरण्या होत्या.

पहिल्या रात्री कुळथाची पिठी आणि भात झाला. पिठीत तिखट, मीठ, लसूण आणि दोन आमसुलं होती. दुसऱ्या दिवशी मेतकूट-भात, संध्याकाळी चिंचेचं सार. भेदरलेली मुलं सार मागून मागून प्यायली. पुढे कधीतरी आत्या म्हणाली, "तांदूळ काय, होडीतून मदत आली तेव्हा तोही आला. पण तिखट-मीठ कोणी आणून देत नाही रे. ते आपलं आपल्याकडे असावं लागतं."

तेव्हापासून मी बेगमीकडे नीट पाहायला लागलो. अडीअडचणीसाठी काय साठवावं म्हटलं, की आपण डाळ-तांदूळ, पीठ, पाणी, औषधं मोजतो. मसाल्याचा विचार शेवटी येतो. पण तोच भात आणि तीच डाळ सलग आठ दिवस घशाखाली उतरवायची वेळ येते तेव्हा चमचाभर तिखट, चिमूटभर हिंग आणि एक आमसूल यांची किंमत कळते. म्हातारी माणसं आणि मुलं तर चवीवाचून पानावरून उठतात.

आगोटीची शिकवण

कोकणात पावसाच्या तोंडावरच्या दिवसांना आगोट म्हणतात. पूर्वी एकदा पाऊस लागला, की ओढे-नाले वाट अडवत आणि समुद्र बंद होई. आजही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत मिरच्या, हळद, मीठ, आमसुलं, चिंच, तिरफळं, सुकट आणि सोडे घरात येत. गोव्यात याच साठ्याला 'पुरुमेंत' म्हणतात. हा शब्द तरतूद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला. मडगाव आणि म्हापशाला चर्चच्या फेस्ताबरोबर त्याचा बाजार भरतो. मुंबईत त्याच दिवसांत लालबागच्या मसाला बाजारात डंक धडधडत असतात आणि अख्ख्या गल्लीला ठसका लागतो.

बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या या रीतीमागे पक्का विचार आहे. मसाला बिघडतो तो ओलावा, ऊन, उष्णता, हवा आणि कीड यांमुळे. मे महिन्याच्या कडक उन्हात माल खणखणीत वाळतो, पावसाळ्याची दमट हवा लागण्याआधी तो बरणीत जातो आणि बरणी अंधाऱ्या माळ्यावर चढते. चिनीमातीच्या बरणीतून उजेड आत जात नाही. झाकणावर घट्ट बांधलेला फडक्याचा दादरा धूळ आणि मुंग्या अडवतो.

एकेका जिन्नसाचा स्वभाव

मीठ कुजत नाही, पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की ते पाणी ओढायला लागतं. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर आणखी लवकर ओलं होतं. जुन्या घरांत मिठाचा रांजण पाझरायचा तो यामुळेच. आयोडीनयुक्त मिठातलं आयोडीन दमटपणात हळूहळू कमी होतं, म्हणून ते पाकिटासकट हवाबंद डब्यात ठेवावं.

मिरची घेताना देठ मोडून पाहावा, तो कट्‌कन तुटायला हवा. मिरची कानाजवळ हलवली, की आतलं बी वाजायला हवं. रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी आणि तिखटपणासाठी लवंगी किंवा संकेश्वरी, असा मेळ घरोघरी ठरलेला असतो. जुन्या तिखटाचा रंग आधी उडतो, जहालपणा मात्र बराच काळ टिकतो. त्यामुळे फिकं झालेलं तिखट अंदाजाने जास्त घालू नये. अर्धवट वाळलेल्या मिरचीवर बुरशी धरते. त्यातल्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि ते शिजवून जात नाही. बुरशीचा वास किंवा डाग दिसला, तर निवडत बसू नये, सगळंच टाकावं.

हळदीचा कंद मोडताना धातूसारखा आवाज आला, की ती नीट वाळली असं समजावं. हळदीचा रंग उजेडाने उडतो. पारदर्शक काचेची बरणी ओट्यावर कितीही देखणी दिसली तरी तिची जागा कपाटातच.

अख्खा मसाला दळलेल्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो, कारण वासाचं तेल दाण्याच्या आत बंद असतं. लवंगेत तर हे तेल सुमारे १५ टक्के असतं. दळलं, की ते हवेला उघडं पडतं. धणे, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी अख्खी ठेवली, तर दोन ते चार वर्षं चांगली राहतात. पूड मात्र वर्षाच्या आत संपवावी. मोहरीचा झणका तर ती फोडून पाण्यात भिजवल्यावरच तयार होतो, म्हणून कोरडी मोहरी साठ्याला फार सोयीची.

फसगत होते ती तयार मसाल्यांत. गोड्या मसाल्यात सुकं खोबरं आणि तीळ असतात. खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल, तिळात जवळपास निम्मं. हे तेल हवेने खवट होतं. कांदा-लसूण मसाल्यात कांदा, लसूण नीट सुकलेले नसले, की ओलावा राहतो. त्यामुळे दीर्घ साठ्यासाठी कोरडे मसाले वेगळे ठेवावेत आणि खोबरं, तीळ घालून थोडा थोडा मसाला दर दोन-तीन महिन्यांनी करावा. तेलात बुडवून ठेवलेली कच्ची लसूण मात्र साठ्यात कधीच नको. हवा न लागणाऱ्या तेलात जीवघेणं बोटुलिझमचं विष तयार होऊ शकतं.

आंबटासाठी आमसुलं आणि चिंच. कोकमाची सालं मीठ घातलेल्या त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतात. आंबटपणा, मीठ आणि कोरडेपणा तिन्ही एकत्र आल्यामुळे ती वर्षभराहून जास्त टिकतात. चिंचही चिंचोके काढून, मीठ लावून, गोळे करून बरणीत दाबतात.

तिखटाच्या बरणीत हिंगाचा खडा ठेवायची रीत चांगली आहे, पण मालात आधीच किड्यांची अंडी असतील तर ती हिंगाने मरत नाहीत. त्यासाठी कोरडा माल घट्ट पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, नाहीतर थंड मालावर दव धरतं. ती खोलीइतकी कोमट झाली, की मग बरणी भरावी.

किती आणि कुठे

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. तो हिशेब धरला तर चौघांना महिन्याला सुमारे ६०० ग्रॅम आणि वर्षाला सात किलोंच्या आसपास मीठ पुरतं. बाकीच्या जिन्नसांसाठी सोपा उपाय म्हणजे महिनाभर आपल्याच घरात तिखट, हळद, मोहरी, आमसुलं किती लागली ते लिहून ठेवणं. त्याची तिप्पट कायम घरात असली, की तीन महिन्यांची निश्चिंती.

जागेचा धडा सांगलीजवळच्या हरिपूरने दिला आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळद जमिनीतल्या खोल पेवांत साठवत. तोंड अरुंद, पोट रुंद, आत पाचटाचं आणि कडब्याचं अस्तर. बंद पेवात प्राणवायू उरत नाही, त्यामुळे कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं राहते. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे, आधी कंदील सोडून हवा तपासत, इतकं ते बंदिस्त. पण २००५ च्या महापुरात पाणी या पेवांत शिरलं. त्यानंतर हळूहळू साठा गोदामांकडे वळला. पिढ्यान्‌पिढ्यांची उत्तम पद्धत एका पुरापुढे टिकली नाही.

म्हणून पुराच्या पट्ट्यात साठा नेहमी उंचावर हवा आणि एकाच ठिकाणी सगळा नको. पुराचं पाणी लागलेला मसाला, फिरकीच्या झाकणाच्या बरणीतला असला तरी, वापरू नये. त्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं आणि ते झाकणाच्या आट्यांतून आत शिरतं. शेगडीच्या वर आणि गळक्या भिंतीलगतही बरणी नको. शिजत्या भांड्यावर डबा धरून मसाला घालायची सवय मोडावी, कारण वाफ थेट डब्यात जाते. चमचा नेहमी कोरडा हवा.

आणि बेगमी म्हणजे ठेवून विसरायची गोष्ट नव्हे. बरणीवर भरल्याचा महिना लिहावा, जुनी आधी वापरावी, नवी मागे लावावी. आगोटीच्या घरात मागची बरणी रिकामी होऊन, धुऊन, उन्हात तापून मगच पुन्हा भरत. अशा घरात मसाला कधी शिळा होत नाही आणि संकटाच्या दिवशी ताटात रोजचीच चव असते.

आत्याने आता सगळ्या बरण्या माळ्याच्या सर्वांत वरच्या फळीवर नेल्या आहेत. दर मे महिन्यात मसाला झाला, की ती खालच्या दोन्ही बिऱ्हाडांना एकेक छोटी बरणी देते, दादरा बांधून. "पाणी आलं तर भांडीकुंडी राहू देत खाली," ती सांगते, "पण ही घेऊन वर या."