मानमोडी की बर्ड फ्लू?

२००६ च्या सुरुवातीला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्री शेडमध्ये मरतूक अचानक वाढली. मानमोडी आली, असाच पहिला समज झाला आणि त्यात नवल नव्हते. मानमोडी म्हणजे राणीखेत. हा रोग आणि बर्ड फ्लू, दोन्हींत कोंबड्या माना टाकतात, पटापट दगावतात. शवविच्छेदन करूनही नुसत्या डोळ्यांनी फरक सांगणे कठीण. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेचा निकाल जाहीर झाला: एच५एन१. भारतातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा हा विषाणू त्या वेळी पहिल्यांदा सापडला.

हा फरक प्रयोगशाळा कसा ओळखते, ते पाहण्यासारखे आहे. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याच्या श्वासनलिकेत आणि गुदद्वारात स्वॅब फिरवून नमुना घेतात आणि बर्फात ठेवून पाठवतात. कोविडमुळे घरोघरी ठाऊक झालेल्या आरटी-पीसीआरने आता काही तासांत अंदाज येतो. जिवंत विषाणू हाती हवा असेल, तर मात्र जुनीच रीत कामी येते. नऊ ते अकरा दिवस उबवलेल्या अंड्यात तो नमुना टोचतात. विषाणू वाढला, की अंड्यातला द्रव काढून प्लास्टिकच्या पट्टीवरच्या बारीक खळग्यांत कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींबरोबर मिसळतात. विषाणू नसेल, तर पेशी तळाशी बसतात आणि खळग्यात लाल ठिपका दिसतो. असेल, तर तो पेशींना एकमेकींशी जखडून ठेवतो आणि ठिपका जमतच नाही.

गंमत अशी, की राणीखेतचा विषाणूही पेशींना असाच जखडतो. म्हणून पुढची पायरी निर्णायक ठरते. द्रवात आधी एच५ विरोधी प्रतिपिंडे घालायची आणि मग रक्तपेशी. ठिपका जमला, म्हणजे प्रतिपिंडांनी विषाणूला अडवले. तो एच५ आहे. राणीखेतवर या प्रतिपिंडांचा काहीच परिणाम होत नाही.

एवढा खटाटोप कोंबड्यांसाठीच नाही. नवापुरात माणसांचेही नमुने तपासले गेले आणि कुणालाच लागण झालेली आढळली नाही. या विषाणूची लागण माणसाला सहजी होत नाही, पण २००३ पासून जागतिक आरोग्य संघटनेकडे नोंदल्या गेलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्मे दगावले आहेत. २०२१ मध्ये हरयाणातल्या एका मुलाचा त्याने बळी घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, तेव्हाही एच५एन१चे निदान भोपाळनेच केले. सस्तन प्राण्याच्या शरीरात शिरलेल्या विषाणूला तिथे रुळण्याची संधी मिळते. त्यामुळे वाघाचा नमुनाही माणसाच्या आरोग्याचाच कागद समजायला हवा.

निदानाच्या या साखळीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पहिल्या कडीची. भोपाळचे यंत्र कितीही अचूक असो, न आलेल्या नमुन्याबद्दल ते काहीच सांगू शकत नाही. शेडमध्ये मरतूक वाढली, की पोल्ट्रीवाल्यासमोर मोठा पेच असतो. कळवले आणि निदान पक्के झाले, तर साधारण एक किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी मारले जाणार, शेजाऱ्याचे धडधाकट पक्षीसुद्धा. दहा किलोमीटरपर्यंत पाळत बसणार. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी मेलेल्या कोंबड्या गुपचूप ओढ्यात टाकाव्यात, उरलेल्या पडेल भावाने विकाव्यात, असे कुणाच्या मनात आले तर त्याला नुसता दोष देऊन भागणार नाही. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याने रोगाची खबर देणे बंधनकारक आहे. पण कायद्याच्या धाकाने माणूस किती बोलता होतो?

भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लवकर कळवणाऱ्याचे नुकसान कमी होते. ही गोष्ट पोल्ट्रीवाल्याला साथ येण्याआधी, शांत काळात सांगितली पाहिजे, भरपाईचा दर बाजारभावाच्या जवळ ठेवला पाहिजे आणि पैसे त्याच्या खात्यात पुढची बॅच भरण्याआधी आले पाहिजेत. हा खर्च रोगनिदानाच्या खर्चातच धरायला हवा, पशुसंवर्धनाच्या मदतनिधीत नव्हे.