शिकाऊ विमानाच्या अपघाताचे अन्वेषण

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गोंदिया जिल्हा आहे. तेथील बिरसीच्या विमानतळावर नवे वैमानिक घडविले जातात. २६ एप्रिल २०१७ रोजी तेथून उडालेले एक शिकाऊ विमान वैनगंगेवर आडव्या ताणलेल्या तारेला धडकले व नदीत कोसळले. विमानातील प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही मृत्यू पावले. पुढे १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहूनच निघालेले दुसरे शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्याच्या डोंगराळ जंगलात पडले. त्यातही एक प्रशिक्षक व एक विद्यार्थिनी यांचा अंत झाला. असा अपघात घडला म्हणजे लोक पहिला प्रश्न विचारतात तो "चूक कोणाची?" हा. शास्त्रीय अन्वेषणाचा प्रश्न मात्र वेगळा असतो. हे का घडले, आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करता येईल, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५१ मध्ये अपघात-अन्वेषणाचे नियम स्वीकारले. अपघात टाळणे हाच अन्वेषणाचा एकमेव हेतू होय, दोष किंवा दायित्व ठरविणे हा नव्हे, असे हे नियम सांगतात. भारतात या कामासाठी २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण विभाग स्थापन झाला. दंडाच्या भीतीने साक्षीदाराने तोंड मिटले, तर सत्याची एक वाट कायमची बंद होते. म्हणून हा भेद जपावा लागतो.

अवशेषांची भाषा

मोठ्या प्रवासी विमानात उड्डाणाच्या नोंदी व वैमानिकांचे संभाषण टिपून ठेवणारी यंत्रे असतात. लहान शिकाऊ विमानात ती बहुधा नसतात. अलीकडच्या काही विमानांतील इलेक्ट्रॉनिक फलकांच्या स्मृतीतून उंची, वेग व इंजिनाची स्थिती यांचे आकडे मिळू शकतात. पण आगीत वा पाण्यात तीही नष्ट होण्याचा संभव असतो. अशा वेळी मोडक्या विमानालाच बोलके करावे लागते.

अन्वेषक प्रथम विमानाची चार टोके शोधतो : नाक, शेपूट आणि दोन्ही पंखांची अग्रे. ही चारही एकाच ठिकाणी सापडली, तर विमान जमिनीवर आदळेपर्यंत अखंड होते असे अनुमान निघते. एखादे टोक बरेच दूर सापडले, तर तो भाग हवेतच तुटला असावा काय, हे तपासावे लागते.

त्यानंतर पाळी येते पंख्याची. इंजिन जोराने चालू असताना पंखा जमिनीला लागला, तर त्याची पाती पिळवटतात, पुढे वाकतात, त्यांच्या रुंदीवर आडवे ओरखडे उठतात आणि जमिनीतही काप पडतात. इंजिन बंद असेल, तर एखादे पाते नुसते मागे दुमडते व दुसरे जवळजवळ सरळ राहते. सूचकदिव्याच्या बारीक तारेतही पुरावा असतो. पेटलेल्या दिव्याची तप्त तार मऊ असते, ती धक्क्याने ताणली जाते. विझलेल्या दिव्याची थंड तार ठिसूळपणे तुटते. यावरून अखेरच्या क्षणी धोक्याचा कोणता दिवा लागला होता हे कळू शकते. सुकाणू हलविणारी पोलादी दोरी आघाताच्या ताणाने तुटली, तर तिच्या तारा केरसुणीसारख्या फिसकटतात. झिजून तुटलेल्या किंवा कापल्या गेलेल्या दोरीचे टोक निराळे दिसते.

काही पुरावे मात्र उरतच नाहीत. दमट हवेत इंधन व हवा यांचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचतो. बाहेर उन्हाळ्यासारखी ऊब असली तरी हे होऊ शकते, कारण इंधनाच्या बाष्पीभवनाने आतील तापमान एकदम उतरते. या बर्फाने इंजिन घुसमटते. परंतु अन्वेषक पोचेपर्यंत तो वितळून गेलेला असतो. म्हणून त्या वेळचे तापमान व आर्द्रता यांच्या नोंदी वेधशाळेकडून मागवाव्या लागतात.

साक्षीदारांचे म्हणणेही पारखून घ्यावे लागते. "विमान पडल्यावरही इंजिनाचा आवाज येत होता," असे एखादा शेतकरी सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. ध्वनीला एक किलोमीटर अंतर तोडण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. त्याने डोळ्यांनी पाहिलेली घटना आणि कानांनी ऐकलेला आवाज यांत तेवढे अंतर पडलेले असते.

वळणाचा धोका

उड्डाण-शिक्षणातील अनेक प्राणघातक अपघातांचे मूळ एका साध्या नियमात आहे. पंख हवेला विशिष्ट मर्यादेपेक्षा अधिक कोन करून भिडला, म्हणजे त्याच्या पाठीवरून वाहणारा हवेचा प्रवाह विस्कटतो आणि विमानास उचलून धरणारे बल एकाएकी घटते. यालाच वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. याचा इंजिन बंद पडण्याशी संबंध नसतो.

समजा, एखादे विमान सरळ उड्डाणात ताशी ८० किलोमीटरच्या खाली आले की त्याचा स्टॉल होतो. उंची कायम राखून तेच विमान ४५ अंश कलवून वळविले, तर ही मर्यादा सुमारे ९५ वर जाते. ६० अंश कलविले, तर ११३ वर. वळणात पंखांना विमानाच्या वजनाहून अधिक भार पेलावा लागतो, हे त्याचे कारण होय. उतरण्यापूर्वीचे शेवटचे वळण चुकते आहे असे वाटून विद्यार्थी विमान अधिक कलवितो, दांडा ओढतो, तोच एक पंख आधी बळ गमावतो आणि विमान गिरकी घेऊ लागते. गिरकीतून सावरताना हजार फूट उंची सहज खर्च होते. त्या वळणावर तेवढी उंची हाताशी नसते.

बंगळूरचा धडा

'वैमानिकाची चूक' या दोन शब्दांवर अन्वेषण थांबले तर काय निसटते, हे बंगळूरच्या एका घटनेवरून स्पष्ट होते. ती शिकाऊ विमानाची नव्हे, चाचणी-उड्डाणाची आहे. पण तिचा बोध उड्डाण-शाळांनाही लागू पडतो. याच शहरातील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने 'हंस' हे दोन आसनांचे शिकाऊ विमान घडविले, तसेच 'सारस' हे दोन इंजिनांचे हलके विमानही. ६ मार्च २००९ रोजी 'सारस'चा दुसरा नमुना हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमानतळावरून उडाला. एक इंजिन हवेत बंद करून पुन्हा सुरू करणे हा त्या चाचणीचा भाग होता. विमान बिडदीजवळ कोसळले आणि वायुसेनेचे तिघे अधिकारी प्राणास मुकले.

बंद इंजिनाच्या पंख्याची पाती धारेने वाऱ्यासमोर ठेवली, तर अडथळा कमी होतो. तीच पाती आडवी वळली, तर पंखा तबकडीसारखा वारा अडवितो आणि विमान एका बाजूस खेचले जाते. इंजिन पुन्हा सुरू करण्याची आखलेली पद्धतच सदोष होती, आणि ती अपुऱ्या उंचीवर अमलात आणली गेली, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. पहिला प्रयत्न फसल्यावर चाचणी थांबविली गेली नाही, चालकदलातील समन्वय उणा पडला, ही कारणेही अहवालाने नोंदविली. परंतु पंखा बनविणाऱ्यांचा सल्ला न घेताच ही पद्धत ठरविण्यात आली होती, हेही त्याने सांगितले. म्हणजे अपघाताची एक कडी आकाशात होती, तर दुसरी विमान उडण्यापूर्वी कागदावरच घडली होती.

बंगळूरचे जयनगर १९४८ मध्ये वसविले गेले, तेव्हा ती शहराची दक्षिण कड होती. आज चोहीकडे वस्ती पसरली आहे. ज्या शहरावरून शिकाऊ आणि चाचणीची विमाने उडतात, तेथे अशा निष्कर्षांचे मोल केवळ वैमानिकांपुरते उरत नाही.

शिकाऊ विमानाच्या अपघातातही म्हणूनच मागे मागे जात प्रश्न विचारावे लागतात. विद्यार्थ्याने वेग का गमावला? स्टॉलमधून सावरण्याचा सराव त्याच्याकडून किती वेळा करून घेतला होता? विमान इतक्या खाली का आले? नदीवरील तार नकाशात होती काय, आणि दुरून दिसेल अशी खूण तिच्यावर होती काय? प्रशिक्षकाला विश्रांती मिळाली होती काय? या प्रत्येक उत्तरातून एक शिफारस निघते : एक जादा पाठ, तारेवरचा एक रंगीत गोळा, वेळापत्रकातील एक बदल.

प्राथमिक अहवाल ३० दिवसांत व अंतिम अहवाल शक्य तोवर १२ महिन्यांत द्यावा, अशी आंतरराष्ट्रीय अपेक्षा आहे. अहवालाने गेलेले जीव परत येत नाहीत. परंतु त्यातील शिफारशी उड्डाण-शाळेच्या वर्गात पोचल्या आणि त्यांप्रमाणे सराव झाला, तर त्याच वळणावर दांडा ओढू पाहणारा पुढचा विद्यार्थी आधी विमानाचे नाक खाली करील व वेग राखील. अन्वेषणाचे सारे श्रम तेवढ्यासाठीच असतात.