हात थरथरतो, पण कंपवात नाही: मेंदूत बसवलेली तार ही थरथर कशी थांबवते?

कपबशी हातात घेतली की ती वाजू लागते. बँकेत सही जुळत नाही म्हणून चेक परत येतो. लग्नाच्या पंगतीत आमटीचा चमचा तोंडापर्यंत पोहोचत नाही, म्हणून माणूस 'आज उपास आहे' असं सांगून बाजूला बसतो. घरचे म्हणतात, कंपवात झाला. अनेकदा तो कंपवात नसतो.

कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना जास्त थरथरतो. इसेन्शियल ट्रेमरमध्ये नेमकं उलट होतं. स्वस्थ हात शांत असतो, कामाला लागला की थरथर सुरू होते. काहींची मान हलते, काहींचा आवाज कापतो. अनेक घरांत हा त्रास आजोबा, वडील, मुलगा असा चालत येतो. 'इसेन्शियल' हे वैद्यकातलं जुनं विशेषण आहे. दुसरं कोणतंही कारण सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उपचाराची सुरुवात गोळ्यांनी होते. प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन ही त्यातली दोन मुख्य औषधं. बऱ्याच जणांना त्यांचा उपयोग होतो, पण सगळ्यांना नाही. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल सहसा देत नाहीत, आणि प्रिमिडोनने अनेकांना गुंगी येते. थोड्या दारूने थरथर काही वेळ कमी होते हेही खरं आहे, पण तो अंमल उतरला की ती परत येते, आणि रोज हा उपाय करणाऱ्याचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

गोळ्यांनी भागलं नाही आणि जेवणं, लिहिणंही अवघड झालं, तर डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा विचार होतो. त्याची सुरुवात 1987 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात झाली. त्या काळी थरथर थांबवण्यासाठी थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागातला एक छोटा ठिपका जाळून टाकत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे विजेचे सौम्य झटके देऊन तपासलं जाई. सर्जन आलिम-लुई बेनाबीद यांच्या लक्षात आलं, की झटक्यांचा वेग सेकंदाला शंभराच्या आसपास नेला की थरथर तिथल्या तिथे थांबते. मग जाळायचं कशाला? तार तिथेच ठेवून दिली तर? अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 1997 मध्ये या उपचाराला मान्यता दिली.

रुग्ण जागा असतो, तो का?

डोक्याला चौकट घट्ट बसवून आधी स्कॅनवर जागा ठरवतात. कवटीला छोटं छिद्र पाडून बारीक तार आत सोडतात. टाळू बधिर केलेली असते, आणि मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. म्हणून रुग्णाला अनेकदा जागं ठेवतात. त्याला गोल गोल चक्र काढायला किंवा पेला उचलायला सांगतात. मिनेसोटा ऑर्केस्ट्राचे व्हायोलिनवादक रॉजर फ्रिश यांनी तर मेयो क्लिनिकमध्ये शस्त्रक्रिया चालू असताना व्हायोलिन वाजवलं. गज हलायचा थांबला की जागा सापडली, असा सरळ हिशोब. काही ठिकाणी आता पूर्ण भूल देऊन, स्कॅनच्या आधारानेही हे करतात.

तारेचं दुसरं टोक कातडीखालून छातीपर्यंत आणतात आणि तिथे पेसमेकरसारखं यंत्र बसवतात. करंट किती द्यायचा हे डॉक्टर बाहेरून ठरवतात, आणि ते नीट जुळायला काही भेटी लागतात. लहान मेंदू, थॅलॅमस आणि हालचाल ठरवणारा मेंदूचा भाग यांच्यात एक चुकीचा ताल फिरत राहतो. विजेचे हे झटके तो ताल मोडतात, असं मानलं जातं. नेमकं कसं, यावर अजून एकमत नाही.

याने आजार बरा होत नाही. यंत्र बंद केलं की हात पुन्हा थरथरतो. मेंदूत रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे धोके थोड्यांनाच होतात, पण ते गंभीर असतात. दोन्ही बाजूंना तार बसवली तर जीभ जड होणं, तोल जाणं हे त्रास वाढतात. म्हणून पुष्कळदा आधी एकाच बाजूला, म्हणजे ज्या हाताने जेवतो-लिहितो त्या हातासाठी, तार बसवतात. उजव्या हातासाठी ती डाव्या मेंदूत जाते. काहींचा फायदा वर्षांनुवर्षं टिकतो, काहींचा हळूहळू कमी होतो. साधी बॅटरी काही वर्षांनी संपते आणि ती बदलायला पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागते. चार्ज होणारी जास्त टिकते, पण महाग पडते. भारतात एकूण खर्च लाखांत जातो, त्यामुळे पुढच्या बॅटरीचा खर्च आधीच विचारून घेतलेला बरा.

कवटी न उघडता अल्ट्रासाउंडच्या लहरींनी तोच ठिपका जाळण्याची सोयही आता आहे. त्यात तार नाही, बॅटरी नाही. मात्र तार बसवलेली असेल तर करंट कमी करता येतो, ती काढताही येते. जाळलेला ठिपका परत आणता येत नाही.