१०२२ वजा १३

सकाळी ८
जुलैतलं पुणं म्हणजे हवेत ओल, आणि भावना ओळखण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत आम्ही मोजतो घाम. म्हणून पहिलं काम एसी २४ अंशांवर लावणं आणि तासभर दार बंद ठेवणं. मनगटी पट्टे चार्जिंगवरून काढते. आमचा पट्टा एम्पॅटिकाचा ई-४. हिरवा प्रकाश टाकून तो नाडी टिपतो, सेकंदाला ६४ वेळा. त्वचेतून वीज किती सहज वाहते हे मात्र सेकंदाला ४ वेळाच मोजतो. तेवढं पुरतं. मेंदूकडून निरोप निघाल्यावर तळहात ओला व्हायला एक ते तीन सेकंद लागतातच.

९.३०
पहिला सहभागी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. लिफ्ट बंद, त्यामुळे तीन जिने चढून आलेला. अशा नाडीवरून काही बोलण्यात अर्थ नाही. त्याला वीस मिनिटं नुसतं बसवून ठेवलं.

"चहा घेतलाय का?"

"अर्धा कप, मॅडम. चालेल ना?"

चालेल, पण वहीत नोंद झाली. हात साध्या पाण्याने धुवायचे, सॅनिटायझर नको. मग डाव्या हाताच्या दोन बोटांना जेल लावलेले इलेक्ट्रोड. मनगटाच्या मानाने बोटांवर घामग्रंथी कितीतरी दाट, त्यामुळे पट्ट्याचा आलेख खरा किती हे बोटांच्या आलेखाशी ताडून पाहता येतं. संमतिपत्र त्याने न वाचताच सही करायला घेतलं. मी ते त्याला मोठ्याने वाचून दाखवलं, विशेषतः 'केव्हाही उठून जाऊ शकता' हे वाक्य.

सकाळी फक्त चित्रफिती. प्रत्येक फितीनंतर कागदावरच्या बाहुल्यांच्या चित्रांतून एक निवडायची: मन प्रसन्न की खिन्न, शांत की खवळलेलं. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० साली भावनांचा जो दोन अक्षांचा नकाशा मांडला, त्याच अक्षांवरचं हे उत्तर. विनोदी फितीला पोरगा हसलाच नाही. तरी आलेखाने मध्येच उंच उडी मारली. बाहेर कुणीतरी दार आपटलं होतं.

११.३०
आलेख साफ करण्याचं काम. दिवसातला सगळ्यात कंटाळवाणा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. हात हलला की नाडीचा आलेख फाटतो. पट्ट्यातल्या हालचालीच्या सेन्सरशी ताळा करून ते तुकडे बाद करायचे. त्वचेच्या आलेखातले उंचवटे मात्र हाताने तपासते. दार आपटल्याचा उंचवटा आणि भीतीचा उंचवटा शेजारी ठेवले, तर मलाही सांगता येत नाही कुठला कुठला.

१९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की राग, भीती, दुःख यांसारख्या भावनांत नाडी आणि बोटांचं तापमान वेगवेगळं वागतं. तेव्हापासून अनेकांना वाटत आलं की प्रत्येक भावनेचा शरीरावर आपला असा ठसा असणार. नंतरचे शेकडो प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा असा पक्का ठसा काही सापडला नाही. कीर्तनातून आपण अष्टसात्त्विक भाव ऐकतो, त्यातला 'स्वेद' म्हणजे घाम नाट्यशास्त्रात आहे. भरतमुनी त्याची कारणं देतात त्यांतली काही अशी: क्रोध, भय, हर्ष, लज्जा, दुःख, श्रम, रोग, ताप. एक घाम आणि इतकी कारणं. शिवाय जिना आणि उकाडासुद्धा त्यात आलाच! आमच्या क्षेत्रातल्या कित्येक निबंधांपेक्षा ही यादी प्रामाणिक आहे.

दीड
डबा. भेंडीची भाजी. आमच्यात पट्टा कुणीच घालत नाही.

३
ताणाचा प्रयोग दुपारीच. सकाळी उठल्यावर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक आधीच चढलेलं असतं, मग लाळेच्या नमुन्यात नवी वाढ ओळखू येत नाही. पद्धत जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात बेतलेली, १९९३ साली प्रसिद्ध झालेली: पाच मिनिटं भाषण, पाच मिनिटं गणित, समोर पांढऱ्या कोटातले निर्विकार परीक्षक. आज परीक्षकांत मी आहे. मान डोलवायची नाही, हसायचं नाही. जन्मभर 'बस, पाणी घे' म्हणायची सवय असलेल्या माणसाला हे जड जातं.

समोर बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई.

"१०२२ मधून १३ वजा करत जा."

"एक हजार नऊ... नऊशे शहाण्णव... नऊशे त्र्याऐंशी... नऊशे एकोणसत्तर—"

"चूक. पुन्हा १०२२ पासून."

त्यांच्या बोटांचा आलेख सरळ वर गेला. संपल्यावर कोट काढून मी त्यांना सगळं उलगडून सांगितलं, चहा दिला. बाहुल्यांच्या कागदावर त्यांनी मात्र 'प्रसन्न' बाजूला खूण केलेली. "मजा आली हो," त्या म्हणाल्या, "आमच्या काउंटरवर याहून वाईट असतं." आमच्या फाइलमध्ये या दहा मिनिटांना 'ताण' असंच नाव पडणार, कारण प्रयोगाच्या आराखड्यात तसं ठरलंय. संगणक पुढे हेच शिकेल. मी शेजारच्या रकान्यात त्यांचं उत्तरही भरते आणि दोन्ही ठेवावीत म्हणून दर बैठकीत भांडते.

साडेपाच
आलेखांवरून भावना ओळखायला शिकणाऱ्या संगणकीय मॉडेलची चाचणी. नवा सहकारी खुशीत आहे, निकाल फार चांगला आलाय. विचारल्यावर कळतं, एकाच माणसाचे तुकडे शिकवण्यातही होते आणि परीक्षेतही. म्हणजे संगणकाने माणूस ओळखला, भावना नव्हे. एकेक माणूस पूर्ण बाजूला ठेवून चाचणी घे, असं सांगते. २०१८ च्या 'वेसॅड' या अशाच नोंदींच्या गाजलेल्या संचात माणसं फक्त १५. तिथे ताण आहे की नाही एवढंच विचारलं तर अचूकता ९३ टक्क्यांपर्यंत जाते. साधी स्थिती, ताण आणि करमणूक असे तीन पर्याय दिले की ८० पर्यंत उतरते. तेही प्रयोगशाळेत, खुर्चीत बसून.

साडेसहा
एका कंपनीची मेल: फोनवर ग्राहकांशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांची 'मनःस्थिती' पट्ट्याने कळेल का? युरोपीय संघाने कामाच्या जागी आणि शाळा-कॉलेजांत असं भावना ओळखणं, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, २ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केलं आहे. ते कळवते आणि एक ओळ माझी: घाम कळेल, कारण कळणार नाही.

सात
पट्टे पुसून चार्जिंगला. फाइलींना नावाऐवजी क्रमांक. तेवढ्यात उद्याच्या सहभागीचा फोन, सर्दी झालीय, रात्री गोळी घेऊ का? सर्दीच्या काही गोळ्यांनी घामच कमी होतो. "जरूर घ्या," मी म्हटलं, "आणि पुढच्या आठवड्यात या."